पडद्यावरचं गणित आणि मालवणातली वही

आजचा विषय ऐकायला कोरडा वाटेल. विद्यापीठाच्या पातळीवरचं गणित लांबच्या विद्यार्थ्यापर्यंत पोचवण्यासाठी आपण जी साधनं वापरली, त्यांची आज समीक्षा करायची आहे. समीक्षा हा शब्द मुद्दाम वापरतो आहोत. पुस्तकाची आपण समीक्षा करतो, नाटकाची करतो. पण ज्या व्हिडिओंवर मुलं अख्खी पदवी काढतात, त्यांच्याबद्दल आपण एक तर ‘फार छान सोय झाली’ म्हणतो, नाही तर ‘वर्गाची सर नाही’ म्हणतो, आणि विषय संपतो. यातून शिकवण्याबद्दल कुणालाच काही कळत नाही.

‘लांबचा विद्यार्थी’ म्हणजे कोण, हे आधी ठरवू या. आपण मालवण घेऊ. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. आठ तालुके, आणि विद्यापीठ मुंबईचं, म्हणजे मालवणातून रस्त्याने साधारण पाचशे किलोमीटरवर. बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. दर वर्षी त्याच्या बातम्या येतात, पेढे वाटले जातात, आणि त्यानंतर ज्यांना शक्य आहे ती मुलं पुणे, मुंबई, कोल्हापूर नाही तर गोवा गाठतात. आपण बोलणार आहोत ते मागे राहिलेल्यांबद्दल. बी.एस्सी. करून लग्न झालेली आणि आता एम.एस्सी. करावीशी वाटणारी मुलगी. तारकर्लीला घरचं होमस्टे सांभाळणारा मुलगा. शाळेत गणित शिकवता शिकवता स्वतःचं गणित पुढे नेऊ बघणारे सर. देवबागसारखं गाव नजरेसमोर आणा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, मधे वाळूची एक पट्टी. तिथून जूनमध्ये निघून रोज तासाला हजर राहणं म्हणजे काय, ते तिथल्या माणसालाच विचारावं.

या मंडळींसाठी सोयी झाल्या नाहीत, असं अजिबात नाही. मुंबई विद्यापीठाचा पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग 1971 पासून आहे. पुढे त्याला आयडॉल म्हणू लागलो, आता नाव पुन्हा बदललं. दिल्लीचं इग्नू 1985 चं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 चं. 15 ऑगस्ट 1984 ला दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू झाला, 2004 मध्ये खास शिक्षणासाठी एज्युसॅट नावाचा उपग्रह वर गेला. आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी यांचा एनपीटीईएल हा प्रकल्प 2003 मध्ये उभा राहिला. 2017 च्या जुलैत ‘स्वयम्’ आलं, आणि त्याच्याच जोडीला डीटीएचवरच्या ‘स्वयम् प्रभा’ वाहिन्या. 2021 पासून तर एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयम्‌वरून घेता येतात.

ही यादी वाचताना एक गोष्ट लक्षात घ्या. टपाल सोडलं, तर यातल्या प्रत्येक साधनाचा मुख्य खर्च, मुख्य हुशारी आणि मुख्य कौतुक एकाच दिशेच्या वाहतुकीवर झालं. शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे. उलट दिशेने काय येतं, हा प्रश्न आम्ही गणित शिकवणाऱ्यांनीसुद्धा फारसा विचारला नाही.

आता एखादं खरं व्याख्यान उघडू या. आयआयटी मद्रासच्या एस. एच. कुलकर्णी सरांची रिअल ॲनालिसिसची मालिका एनपीटीईएलवर आहे, आयआयटी मुंबईच्या इंदर राणा सरांची मेझर आणि इंटिग्रेशनवरची आहे. ही उत्तम व्याख्यानं आहेत, हे आधी स्पष्ट सांगायला हवं. आमच्या पिढीला हे मिळालं असतं तर, असं वाटतं. कोपऱ्यातल्या कॉलेजात ज्या विषयाला शिक्षकच नसतो, तो विषय एक जाणकार माणूस तुमच्यासमोर सावकाश उलगडतो आणि तुम्ही त्याला थांबवून मागे नेऊ शकता. वर्गात असं कुणाला म्हणता येतं? ‘सर, ती सतरावी ओळ परत’ असं तीनदा म्हणायचं धैर्य आपल्यात नव्हतं.

इथे एक तांत्रिक वाटणारी, पण आमच्या मते फार महत्त्वाची गोष्ट. गणितात फळा स्लाइडपेक्षा चांगला, आणि याचं कारण जुन्याची आवड हे नव्हे. सिद्धता ओळीओळीने वाढते. शिक्षकाचा हात ज्या वेगाने लिहितो, साधारण त्याच वेगाने ऐकणाऱ्याचं डोकं पुढे सरकतं. एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणिताची व्याख्यानं जगभर पाहिली गेली, त्यात मोठा वाटा खडूचा आहे. स्लाइडवर अख्खी सिद्धता एकदम येते. डोळ्यांना ती दिसते आणि मनाला वाटतं, कळली. तेव्हा मालिका निवडताना आधी हे बघा, की समोर हात लिहितोय का. आणि हेही बघा, की ते सहा इंची मोबाइलवर वाचता येतं का. मालवणातला आपला विद्यार्थी लॅपटॉपवर बघत नसतो. खाली लिहिलेला बारीक ‘एन’ आहे की ‘एम’, हे त्याला अंदाजाने ठरवावं लागतं, आणि गणितात तो अंदाज चुकला की पुढचं सगळंच चुकतं.

बरं, व्याख्यान झालं. आता स्वाध्याय. एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला स्वाध्याय असतो. त्यातल्या उत्तम आठांची सरासरी धरून 25 टक्के, आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे 75 टक्के. हे स्वाध्याय बहुतांशी पर्यायी प्रश्नांचे, यंत्राने तपासायचे. आमची तक्रार नेमकी इथे आहे, आणि ती उदाहरणाशिवाय समजणार नाही.

एक क्रमिका घ्या. 1, अर्धा, एक तृतीयांश, एक चतुर्थांश, असं पुढे. ही शून्याकडे जाते. कुणालाही दिसतं. आता हे सिद्ध करा. व्याख्या अशी आहे: कुणीही कितीही लहान एप्सिलॉन मागू दे, मला एक मोठा एन असा दाखवता आला पाहिजे, की त्याच्या पुढच्या सगळ्या संख्या शून्यापासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर असतील. यावर पर्यायी प्रश्न विचारा, ‘ही क्रमिका कशाकडे अभिसारी आहे?’ शंभरातले जवळपास सगळे बरोबर उत्तर देतील. आता त्याच मुलांना वहीत सिद्धता लिहायला सांगा. हमखास येणारं एक उत्तर असं असतं: ‘मोठा एन 100 घेऊ. त्यापुढची प्रत्येक संख्या एक शतांशापेक्षा लहान आहे. म्हणून एप्सिलॉन एक शतांश. म्हणून क्रमिका शून्याकडे जाते.’

यातली प्रत्येक आकडेमोड बरोबर आहे. तरीही ही सिद्धता नाही. आधी कोण बोलतो आणि नंतर कोण, याची इथे अदलाबदल झाली आहे. एप्सिलॉन समोरच्याने मागायचा असतो, त्याने मागितल्यावर आपण एन द्यायचा. या मुलाने आधी स्वतःचा एन निवडला आणि मग त्याला जुळेल असा एप्सिलॉन समोरच्याच्या तोंडी घातला. हा निष्काळजीपणा नव्हे, हा विचारातला घोळ आहे. तो आत्ता सुटला नाही, तर सांतत्य, एकसमान सांतत्य, पुढचं सगळं ॲनालिसिस पाठांतराने करावं लागतं. आणि तो सोडवायला काय लागतं? समासात लाल शाईची एक ओळ. ‘एप्सिलॉन कुणी निवडला?’ एवढंच. तो मुलगा पाच मिनिटं डोकं खाजवेल आणि त्याचं त्याला उमगेल.

ती एक ओळ लिहिण्याची जागा आपल्या कुठल्याच मोठ्या यंत्रणेत नीट केलेली नाही. यंत्राने त्याला दहापैकी दहा दिले आहेत. त्याला स्वतःलाही माहीत नाही की काही चुकलंय.

कुणी म्हणेल, हे दूरस्थ शिक्षणाचं दुखणंच आहे, त्याला इलाज नाही. तसं नाही. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी 1969 मध्ये स्थापन झालं, पहिले विद्यार्थी 1971 मध्ये आले, आणि पहिल्या पायाभूत अभ्यासक्रमांत गणिताचा एक होता. लोकांना आठवतात ते त्यांचे बीबीसीवरचे रात्री-अपरात्रीचे कार्यक्रम. कणा मात्र वेगळा होता. विद्यार्थ्याने सोडवलेला स्वाध्याय टपालाने त्याच्या नेमलेल्या शिक्षकाकडे जायचा आणि समासात शेरे घेऊन परत यायचा. अभ्यासक्रमांचे टीव्हीवरचे ते कार्यक्रम 2006 मध्ये बंद झाले. शिक्षकाने तपासायचे स्वाध्याय राहिले.

आपल्याकडे इग्नूने तीच कल्पना घेतली. त्यांची गणिताची पुस्तकं स्वतः वाचून शिकण्यासाठी आजही उत्तम आहेत, आणि त्यांच्या अभ्यासक्रमात शिक्षकाने तपासायचे स्वाध्याय आहेत. मग काय झालं? सोडवलेले स्वाध्याय बाजारात विकत मिळू लागले. जी वही कुणी मनापासून वाचणार नाही अशी खात्री असते, ती वही माणूस मनापासून लिहीत नाही. तेव्हा नुसता नियम करून भागत नाही, पलीकडे वाचणारं माणूस आहे हे विद्यार्थ्याला कळावं लागतं. 16 जानेवारी 1913 च्या पत्रात रामानुजन यांनी हार्डींना पानंच्या पानं सूत्रं पाठवली. हार्डींनी कौतुक केलंच, पण सोबत सिद्धता मागितल्या. दूरस्थ शिक्षणाचं इतकं चांगलं उदाहरण आमच्या माहितीत दुसरं नाही, आणि तंत्रज्ञान म्हणाल तर पोस्टाचं तिकीट.

आता भाषेकडे येऊ, कारण मालवणात हा प्रश्न टाळता येत नाही. घरात मालवणी, शाळेत मराठी, आणि एकदम विद्यापीठाच्या गणितात इंग्रजी. यावर सुचवला जाणारा उपाय म्हणजे भाषांतर: मराठी उपशीर्षकं, मराठी ध्वनिमुद्रण. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने सॉफ्टवेअर शिकवण्यासाठी हे केलं आणि ते उपयोगी आहे, कारण तिथे ‘इथे क्लिक करा’ एवढं सांगायचं असतं. सिद्धतेत तेवढ्याने भागत नाही. ‘कन्व्हर्जंट सीक्वेन्स’च्या जागी ‘अभिसारी क्रमिका’ घातलं की एका परक्या शब्दाच्या जागी दुसरा आला. शब्द इंग्रजीच राहू देत हो, वाक्यं मराठी करा.

आणि वाक्याच्या बाबतीत मराठीकडे एक देणगी आहे, जिचा वापर आम्ही शिक्षक करत नाही. जो-तो, जेवढा-तेवढा, जसजसा-तसतसा. ‘तुम्ही जेवढा लहान एप्सिलॉन मागाल, तेवढा पुढचा एन मला द्यावा लागेल.’ या एका वाक्यात कोण आधी आणि कोण नंतर हे आपोआप येतं. मघाच्या मुलाचा घोळ या वाक्याने निम्मा सुटला असता. इंग्रजी व्याख्येत हा क्रम ‘फॉर एव्हरी’ आणि ‘देअर एक्झिस्ट्स’ यांच्या जागेवर अवलंबून असतो, आणि घाईत वाचणाऱ्याला तो निसटतो. मराठीत कलनावर लिहायला सुरुवात आपल्या याच जिल्ह्यातल्या माणसाने केली, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. आपण त्यांना ‘दर्पण’साठी ओळखतो. ते एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत आणि शून्यलब्धी या विषयावर त्यांनी मराठीत पुस्तक केलं. 1846 मध्ये ते वारले. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी आपण मराठीतून लिमिट समजावता येईल का, यावर चर्चासत्रं घेतो. असो.

तंत्राचा तिसरा भाग म्हणजे तार आणि लहर. 2020 च्या टाळेबंदीत कणकवली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीची बातमी सगळीकडे आली होती. घरी नेटवर्क नाही, म्हणून डोंगरावर झोपडी बांधून ती भर पावसात तिथे तास ऐकत बसायची. सगळ्यांनी जिद्दीचं कौतुक केलं. ते योग्यच होतं. पण समीक्षकाने तिथे विचारायला हवं होतं, की तो तास ठरलेल्या वेळीच ऐकायला हवा, असं कुणी ठरवलं? शिक्षक एकटाच बोलणार असेल तर ते ध्वनिमुद्रित करून रात्री दोनला फोनमध्ये उतरलं तरी चालतं. जिवंत तासाचा उपयोग फक्त मुलीला काही विचारायचं असेल तर, आणि तीस-चाळीस जणांच्या तासात ती विचारत नाही. पुढच्याच वर्षी, 2021 च्या मे महिन्यात, तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेलं आणि कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती. जी रचना वीज आणि नेटवर्क अखंड गृहीत धरते, ती सिंधुदुर्गासाठी केलेलीच नाही. टपालाचा गुण हाच होता, की ते उशिरा आलं तरी चालायचं. आजचं टपाल म्हणजे वहीच्या पानाचा फोटो आणि त्यावर परत येणारा दोन मिनिटांचा आवाजी निरोप. नेटवर्क येईल तेव्हा जातो, नेटवर्क येईल तेव्हा ऐकला जातो. साधन प्रत्येकाच्या खिशात आहे.

त्या पानावर सोडवायला काय द्यायचं, तेही बघू. मालवणच्या विद्यार्थ्याला पाश्चात्त्य पुस्तकातल्या बर्फावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं उदाहरण कशाला? दारात समुद्र आहे. कोकणात भरतीची वेळ काढायचा एक जुना नियम आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. ठिकाणाप्रमाणे त्यात थोडं मागेपुढे. नियम ज्याने बसवला त्याला पाऊणकी पाठ होती, हे उघड आहे.

आता विद्यापीठातल्या मुलाला विचारा, हा नियम किती खरा? अमावास्येपासून अमावास्येपर्यंत तीस तिथी, आणि तेवढ्यात भरतीची वेळ घड्याळाचा 24 तासांचा पूर्ण फेरा पुढे सरकते. म्हणजे सरासरीने तिथीला 48 मिनिटं. नियम धरतो 45. प्रत्येक तिथीला तीन मिनिटं हरवतात, पंधराव्या तिथीला चूक 45 मिनिटांवर जाते. म्हणूनच नियमाप्रमाणे पौर्णिमेची भरती सव्वाअकराला, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेची एकदम पाऊण वाजता, पाऊण तासाऐवजी दीड तासाची उडी. ही उडी समुद्रात नाही, नियमात आहे. सांतत्य कुठे तुटतं, हे यापेक्षा चांगलं कसं दाखवणार? पुढचा प्रश्न: पाऊणपट तशीच ठेवून एक ठरावीक संख्या मिळवायची मुभा दिली, तर सगळ्यात मोठी चूक किती खाली आणता येईल? उत्तर आहे 24 मिनिटं मिळवा, मग चूक कधीच 21 मिनिटांच्या वर जात नाही. याहून चांगलं का शक्य नाही, हे सिद्ध करा. पाच ओळींची सिद्धता आहे, आणि ती लिहिणारा मुलगा एकसमान सन्निकटन या कल्पनेच्या दारात उभा असतो. प्रत्यक्षात तिथीची लांबीही बदलते, ते लक्षात आलं की पुढे आवर्ती फलनांची बेरीज, फूरिये, सगळं ओळीने येतं. भरतीचा अंदाज गणिताने तसाच बांधला जातो.

असा प्रश्न पर्यायी करता येत नाही, आणि मोबाइलचा कॅमेरा धरून उत्तर काढून देणाऱ्या ॲपलाही तो सहज पचत नाही. त्या ॲपांबद्दल एकच सांगतो. ती उत्तर चुकीचं देतात ही खरी अडचण नाही. विद्यार्थ्याची स्वतःची पहिली, चुकलेली ओळ लिहिली जायच्या आधी ती बरोबर उत्तर देतात. मग समासात शेरा कशावर लिहायचा?

शेवटी हिशेबाची गोष्ट, कारण सगळं तिथेच अडतं. चाळीस विद्यार्थी, आठवड्याला प्रत्येकी एक पान, एका पानाला सहा मिनिटं. 240 मिनिटं, म्हणजे चार तास. हे काही अशक्य नाही. पण शिक्षकाच्या कामाच्या तक्त्यात व्याख्यानाचे तास मोजले जातात, दूरच्या मुलाची वही वाचण्याचे चार तास लिहायला रकाना नसतो. स्टुडिओ उभारायला निधी मागता येतो, समासातल्या लाल ओळीसाठी मागता येत नाही. एस. कुमारेसन यांनी 1993 पासून चालवलेल्या एमटीटीएस शिबिरांत शिकवण्याची रीत अशी, की शिक्षक सांगतो कमी आणि विचारतो जास्त. तिथे जाऊन आलेली मुलं महाराष्ट्रभर आहेत, त्यातली बरीच आज शिकवतात. यांच्यापैकी एकेकाने आठवड्याला दहा पानं वाचायचं कबूल केलं आणि विद्यापीठाने ते काम म्हणून मोजलं, तर सिंधुदुर्गातल्या दूरस्थ एम.एस्सी.च्या मुलांपासून सुरुवात करता येईल. व्याख्यानं नवीन करायची गरज नाही, आहेत ती चांगली आहेत. पहिल्या सत्रात फक्त ॲनालिसिस आणि बीजगणित घ्यावं, बाकीच्या विषयांचं नंतर बघता येईल.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ या. भरतीच्या नियमात आपापल्या बंदरासाठी किती मिनिटं मिळवावी लागतात, हे कुणी मोजलं असेल तर ते आधी सांगा.